हरलेल्यांची कलमे : अमेरिकी राज्यघटनेच्या मंजुरीचा वाद, १७८७-१७९१

२९ सप्टेंबर १७८७ची सकाळ. फिलाडेल्फियात आपापल्या मुक्कामी बसून राहिलेल्या दोन आमदारांना जमावाने गाठले, रस्त्याने ओढत नेले आणि पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात आणून जागेवर बसवले. जेम्स मॅकॅलमॉन्ट आणि जेकब माइली ही त्यांची नावे. ६९ सदस्यांच्या त्या सभागृहात ४६ जण हजर असल्याशिवाय कामकाज चालत नसे. विरोधी गटाचे १९ सदस्य आदल्या दुपारपासून मुद्दाम गैरहजर होते आणि सभागृहात ४४ जणच जमले होते. हे दोघे आले आणि गणसंख्या नेमकी भरली. मॅकॅलमॉन्टने उठून सांगितले की आपल्याला बळजबरीने आणले आहे, तेव्हा जाऊ द्यावे; नियमाप्रमाणे गैरहजेरीचा पाच शिलिंग दंड होत असेल तर तो भरायला आपण तयार आहोत. सभागृहाने त्याला परवानगी दिली नाही. दाराशी लोक उभेच होते. मग ठराव पुरा झाला : नव्या राज्यघटनेवर विचार करण्यासाठी राज्याची खास परिषद भरवावी आणि तिच्यासाठी निवडणूक घ्यावी.

ज्या राज्यघटनेचा पहिला शब्दच ‘आम्ही लोक’ असा आहे, तिला लोकांची संमती मिळवण्याच्या प्रवासातले हे पहिले पाऊल. अमेरिकी राज्यघटनेची कथा आपण बहुधा विजेत्यांच्या तोंडून ऐकतो. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, मॅडिसन, हॅमिल्टन ही नावे परिचयाची असतात. घटना ‘नको’ म्हणणाऱ्यांची नावे सहसा ऐकलेली नसतात. पण त्या घटनेचा जो भाग आज जगभर सर्वाधिक उद्धृत होतो, म्हणजे भाषणाचे, धर्माचे, वृत्तपत्राचे स्वातंत्र्य आणि आरोपीचे हक्क, तो मूळ मसुद्यात नव्हताच. तो आला मंजुरीच्या वादातून, आणि त्यासाठी भांडले ते बहुतांशी हरलेल्या बाजूचे लोक. ते कसे भांडले, कसे हरले आणि हरल्यावर काय केले, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दुरुस्तीचे काम, नवी इमारत

१७८१पासून तेरा राज्यांचा कारभार एका सैल करारावर चालला होता. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये जमेल तेवढे देत. युद्धाचे कर्ज थकले होते. १७८६-८७मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज आणि इतरांच्या पुढारीपणाखाली न्यायालये बंद पाडली, कारण त्याच न्यायालयांतून त्यांच्या जमिनींवर जप्त्या येत होत्या. या बंडाने धनिकांप्रमाणेच साध्या शेतकऱ्यांनाही हादरा दिला.

या पार्श्वभूमीवर मे १७८७मध्ये फिलाडेल्फियात जी परिषद बसली, तिला काम दिले होते जुन्या करारात सुधारणा सुचवण्याचे. दारे-खिडक्या बंद ठेवून चार महिने चर्चा झाली आणि १७ सप्टेंबरला बाहेर आला तो संपूर्ण नवा आराखडा. एकूण ५५ प्रतिनिधी वेगवेगळ्या वेळी हजर राहिले, सह्या ३९ जणांनी केल्या. शेवटच्या दिवशी हजर असूनही सही नाकारणारे तिघे होते : व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन आणि एडमंड रँडॉल्फ, आणि मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी. १२ सप्टेंबरला हक्कांची सनद जोडण्याची सूचना आली, तेव्हा एकाही राज्याच्या शिष्टमंडळाने तिला पाठिंबा दिला नव्हता. सगळे दमले होते, घरी परतायची घाई होती. मेसनने सही न करण्याची कारणे लिहून काढली. त्यातले पहिलेच होते : या घटनेत हक्कांची सनद नाही.

मंजुरीची रीतही नवी होती. जुना करार बदलायचा तर तेराही राज्यांचे एकमत लागे. नव्या घटनेने स्वतःपुरता नियम केला की नऊ राज्यांच्या परिषदांनी मान्यता दिली की त्या नऊ राज्यांपुरती ती लागू होईल. विरोधकांचा आक्षेप सरळ होता. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गवंड्याने घरच पाडून नवे बांधले आणि घरमालकांपैकी किती जणांची संमती लागेल हेही त्यानेच ठरवले, तर हे त्याला कोणी सांगितले होते? समर्थकांचे उत्तरही सरळ होते. संमती घरमालकांचीच घेत आहोत, आणि तीही राज्य सरकारांकडून नव्हे, त्यासाठीच निवडलेल्या परिषदांकडून. राज्यांपुढे प्रश्न मात्र दोनच उत्तरांचा ठेवला गेला : संपूर्ण मसुदा घ्या किंवा संपूर्ण नाकारा.

न लिहिलेल्या अधिकारांचे काय?

६ ऑक्टोबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसच्या आवारात जेम्स विल्सन या कायदेपंडिताने सभेपुढे भाषण केले. ते वृत्तपत्रांतून राज्याराज्यांत पोचले आणि पुढचे दहा महिने समर्थक तेच वापरत राहिले. त्याचे म्हणणे असे : राज्य सरकारांच्या बाबतीत जे राखून ठेवलेले नाही ते दिलेले समजले जाते, केंद्राच्या बाबतीत उलट आहे, जे लिहून दिले आहे तेवढेच त्याचे. वृत्तपत्रांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिलेलाच नाही, मग वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी कशाला हवी?

युक्तिवाद कसलेल्या वकिलाचा होता. त्याला सर्वांत नेमके उत्तर न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात ‘ब्रूटस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने दिले. हा ब्रूटस नक्की कोण, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. त्याने घटनेचाच मसुदा पुढे केला. पहिल्या कलमात लिहिले आहे की बंड किंवा आक्रमणाची वेळ सोडून हेबिअस कॉर्पसचा हक्क स्थगित करता येणार नाही; पूर्वलक्षी गुन्हेगारी कायदे करता येणार नाहीत; सरदारकीचे किताब देता येणार नाहीत. न दिलेला अधिकार सरकारकडे नसतोच, तर या मनाया कशासाठी घातल्या? आणि काही हक्क लिहून राखावे लागले, तर जे लिहिलेले नाहीत त्यांचे काय होणार? या प्रश्नाला समर्थकांकडे शेवटपर्यंत समाधानकारक उत्तर नव्हते. हॅमिल्टनने ‘फेडरलिस्ट’च्या ८४व्या लेखात हक्कांची यादी अनावश्यकच नव्हे तर धोकादायक आहे, असे सांगून पाहिले. पॅरिसमध्ये वकील म्हणून असलेल्या जेफरसनलाही ते पटणारे नव्हते. त्याने डिसेंबर १७८७मध्येच मॅडिसनला कळवले होते की जगातल्या कोणत्याही सरकारविरुद्ध हक्कांची सनद मिळणे हा लोकांचा अधिकारच आहे.

हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या एकाच नावाने लिहिलेले ८५ लेख १७८८मध्येच पुस्तकरूपाने आले आणि आजही जगभर अभ्यासले जातात. विरोधकांचे महत्त्वाचे लेखन एकत्र करणारा सात खंडांचा संच आला तो १९८१ साली. वाद हरण्याचा हा एक वेगळा दंड. त्यातले एक नाव तर आणखीच झाकलेले राहिले. फेब्रुवारी १७८८मध्ये ‘कोलंबियन पेट्रियट’ या नावाने घटनेवर कडक टीका करणारी पुस्तिका निघाली. तिची लेखिका होती मॅसॅच्युसेट्सची मर्सी ओटिस वॉरन. तिला मताचा अधिकार नव्हता, परिषदेत बसण्याचा नव्हता. पुस्तिका दीडशे वर्षे गेरीच्या नावावर खपत राहिली; विसाव्या शतकात तिचे एक पत्र पुढे आले तेव्हा श्रेय तिच्याकडे गेले.

कुंपण कोणते घालायचे?

डिसेंबर १७८७ ते जानेवारी १७८८ या काळात डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया आणि कनेक्टिकट या पाच राज्यांनी मान्यता दिली. डेलावेअर, न्यू जर्सी आणि जॉर्जिया यांत विरोधात एकही मत पडले नाही. पेनसिल्व्हेनियात ४६ विरुद्ध २३ असा निकाल लागला. पण तिथल्या अल्पमतवाल्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या परिषदेच्या कामकाजात नोंदवूनही घेतल्या गेल्या नाहीत. त्यांनी आपले निवेदन वृत्तपत्रात छापले. कार्लाइल या गावात डिसेंबरअखेर समर्थकांचा विजयोत्सव विरोधकांनी उधळला आणि दुसऱ्या दिवशी विल्सनचा पुतळा जाळला. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना अपमानित केले की काय होते, ते इथे दिसले.

मग बोस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्सची परिषद भरली. शेजच्या बंडाला जेमतेम वर्ष झाले होते आणि पश्चिमेकडच्या गावांनी विरोधक मोठ्या संख्येने पाठवले होते. एमॉस सिंगलटरी हा वयस्क शेतकरी प्रतिनिधी उठून म्हणाला की हे वकील, हे विद्वान, हे पैसेवाले इतके गोड बोलतात ते आम्हां अडाण्यांना गोळी गिळायला लावण्यासाठी. उद्या सगळी सत्ता आणि पैसा यांच्याच हाती जाईल आणि देवमाशाने योनाला गिळावे तसे हे आम्हां लहान माणसांना गिळतील.

त्याला उत्तर द्यायला उभा राहिला तो वकील नव्हता. जोनाथन स्मिथ हाही पश्चिमेकडचाच, नांगरावर पोट असलेला. त्याने सांगितले की सरकार नसले म्हणजे काय होते ते आपण गेल्या हिवाळ्यात पाहिले. शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखून होता, आणि त्या वेळी कोणी जुलमी राजा जरी वाचवायला आला असता तरी आपण त्याच्यामागे गेलो असतो. मग त्याने शेतकऱ्याला कळेल असा दाखला दिला. तुम्ही दोघा-तिघांनी मिळून पडीक जमीन फोडली, गहू पेरला, आणि कुंपण कसले घालायचे यावर एकमत होईना, तर पीक उघडे टाकाल का? सगळ्यांच्या मनासारखे नसले तरी एक कुंपण घालणे बरे, की भांडत बसून गुरांना शेत मोकळे सोडणे बरे?

या दोन भाषणांतच साऱ्या वादाचा गाभा सापडतो. दोघेही शेतकरी, दोघांचीही भीती खरी. एकाला भीती होती सत्ता दूर आणि वरच्या वर्गाच्या हाती जाण्याची, दुसऱ्याला सत्ताच उरणार नाही याची.

तिढा सुटला तो वेगळ्या वाटेने. परिषदेचा अध्यक्ष गव्हर्नर जॉन हँकॉक गाउटच्या दुखण्याचे कारण देऊन तीन आठवडे घरीच होता. पारडे कुठे झुकते ते पाहतोय, असे लोक म्हणत. समर्थकांनी त्याची भेट घेतली, पुढच्या निवडणुकीत पाठिंब्याचे आश्वासन दिले आणि ३१ जानेवारीला हँकॉकने परिषदेपुढे प्रस्ताव मांडला : घटना मान्य करावी आणि सोबत नऊ दुरुस्त्यांची शिफारस करावी. सॅम्युअल अ‍ॅडम्सने पाठिंबा दिला. दोनच उत्तरांच्या प्रश्नाला तिसरे उत्तर सापडले होते : हो, पण. त्यामागे राजकीय सौदा होता यात शंका नाही. तरीही पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहिले. ६ फेब्रुवारीला १८७ विरुद्ध १६८ मतांनी घटना मंजूर झाली. दहा जणांनी मत बदलले असते तर निकाल उलटा लागला असता.

निकालानंतर जे झाले ते मला मतमोजणीहून महत्त्वाचे वाटते. विरोधकांपैकी एकेक जण उठला. विल्यम विजरी म्हणाला की मी विरोधात मत दिले, पण बहुमताने मला हरवले आहे. गावी जाऊन लोकांना हे सांगेन आणि शांततेने स्वीकारायला त्यांची मने वळवेन. अब्राहम व्हाइटनेही तेच सांगितले. पेनसिल्व्हेनियात हरलेल्यांचे म्हणणे कागदावरही घेतले गेले नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये ते मंजुरीच्या मसुद्यातच आले. त्यामुळे हरलेल्यांना परत जाताना लोकांपुढे दाखवायला काही तरी होते. पुढच्या राज्यांपैकी मेरीलँड वगळता सर्वांनी मंजुरीसोबत दुरुस्त्या सुचवल्या.

रिचमंड आणि पकिप्सी

२१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरने ५७ विरुद्ध ४७ मतांनी मान्यता दिली आणि नऊ राज्ये पूर्ण झाली. कायद्याने घटना लागू झाली. पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिले असते तर संघराज्याला अर्थ उरला नसता.

व्हर्जिनियाच्या रिचमंडमध्ये पॅट्रिक हेन्रीने पहिल्याच दिवसांत विचारले : ‘आम्ही राज्ये’ न म्हणता ‘आम्ही लोक’ म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला? हेन्री हा त्या पिढीतला सर्वांत मोठा वक्ता. त्याच्यासमोर मॅडिसन होता. हलक्या आवाजाचा, पण कलमागणिक उत्तर देणारा. सही नाकारलेला रँडॉल्फ आता समर्थकांत आला होता, कारण आठ राज्ये आधीच आत गेल्यावर प्रश्न संघ राहणार की फुटणार एवढाच उरला, असे त्याचे म्हणणे होते. २५ जूनला ८९ विरुद्ध ७९ मतांनी निर्णय झाला. मतदानापूर्वी हेन्रीने सांगितले होते की आपण हरलो तर दुःख होईल, पण आपण शांतताप्रिय नागरिक राहू आणि घटनेचे दोष घटनात्मक मार्गानेच दूर करण्यासाठी झगडू.

न्यूयॉर्कने परिषदेच्या निवडणुकीपुरती मालमत्तेची अट काढून सर्व स्वतंत्र प्रौढ पुरुषांना मत दिले होते, आणि निवडून आले ४६ विरोधक व १९ समर्थक. पकिप्सी इथे हॅमिल्टनसमोर मेलँक्टन स्मिथ उभा राहिला. त्याचा मुद्दा प्रतिनिधित्वाचा होता : साऱ्या देशासाठी प्रतिनिधिगृहात फक्त ६५ सदस्य ठेवले, तर मतदारसंघ इतके मोठे होतील की नाव आणि पैसा असलेलेच निवडून येतील, मध्यम स्थितीतला शेतकरी, ज्याला कराचे ओझे प्रत्यक्ष ठाऊक असते, तो तिथे पोचणारच नाही. हा मुद्दा आजही जुना झालेला नाही.

जुलैमध्ये व्हर्जिनियाची बातमी आल्यावर न्यूयॉर्कपुढचे पर्याय आटले. विरोधकांनी दुरुस्त्यांच्या ‘अटीवर’ मंजुरी देण्याचे सुचवले. मॅडिसनने हॅमिल्टनला कळवले की अटीवरची मंजुरी ही मंजुरीच नव्हे. शेवटी ‘अटीवर’ हा शब्द गेला आणि दुरुस्त्या होतील ‘अशा पूर्ण विश्वासाने’ ही शब्दयोजना आली. तिच्या बाजूने स्वतः मेलँक्टन स्मिथने मत दिले. निकाल ३० विरुद्ध २७. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला आणि विरोधकांच्या हातातली अट जाऊन समर्थकांच्या डोक्यावर शब्द पाळण्याचे ओझे आले.

जे त्या खोल्यांत नव्हते

या वादाचे कौतुक करताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. १७९०च्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली. त्यांत जवळजवळ सात लाख गुलाम होते. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची तीन-पंचमांश गणना, गुलामांची आयात १८०८पर्यंत रोखण्यास मनाई, पळालेल्या गुलामाला परत देण्याचे बंधन हे सारे मूळ घटनेत होते. ‘गुलाम’ हा शब्द मात्र कुठेही नव्हता. मेरीलँडच्या ल्यूथर मार्टिनने या तरतुदींवर जाहीर टीका केली. मेसनने गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला. पण तो स्वतः गुलामांचा मालक होता आणि मालकांच्या मालमत्तेला घटनेत पुरेसे संरक्षण नाही, ही तक्रारही त्याचीच होती.

जानेवारी १७८८मध्ये साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनीने आपल्या लोकांना धीर दिला : केंद्र सरकार गुलामांना कधीच मुक्त करू शकणार नाही, कारण तसा अधिकार त्याला दिलेलाच नाही. हा विल्सनचाच युक्तिवाद. जे दिले नाही ते सरकारकडे नाही, असे म्हणून फिलाडेल्फियात हक्कांची सनद अनावश्यक ठरवली गेली आणि चार्ल्सटनमध्ये गुलामगिरी सुरक्षित ठरवली गेली. ‘हो, पण’मध्ये ज्यांना आपले ‘पण’ घालता आले त्यांना काही तरी मिळाले. ज्यांना खोलीतच प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी दुरुस्ती यायला १८६५ साल उजाडले, आणि तेही सहा लाखांहून अधिक बळी घेणाऱ्या यादवी युद्धानंतर. त्या मुक्तीची खूण आपल्या भाषेतही आहे : महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

शब्द पाळला गेला

हरलेला हेन्री शांत नागरिक राहिला, पण स्वस्थ बसला नाही. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात त्याचे वजन होते. त्याने मॅडिसनला सिनेटवर जाऊ दिले नाही. प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत मॅडिसनसमोर विरोधी गटाचा जेम्स मन्‍रो उभा राहिला. हक्कांची सनद हा तिथे कळीचा मुद्दा होता. सनदेविषयी उदासीन असलेल्या मॅडिसनला मतदारांना लेखी सांगावे लागले की आपण दुरुस्त्यांचा पाठपुरावा करू. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी तो निवडून आला आणि ८ जून १७८९ रोजी त्याने दुरुस्त्या मांडल्या. सभागृहात त्याच्याच बाजूचे लोक कंटाळले होते. कर, जकात, खाती अशी तातडीची कामे पडली होती. तो मागे लागून राहिला. काँग्रेसने बारा दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी त्यांतल्या दहा लागू झाल्या.

विरोधकांना हवे होते ते सगळे यात नव्हते. कर, सैन्य, न्यायालये यांवरचे केंद्राचे अधिकार जसेच्या तसे राहिले. मॅडिसनने हक्क दिले आणि सत्ता राखली, असेही म्हणता येईल. पण तोवर बाहेर राहिलेल्या नॉर्थ कॅरोलिनाने नोव्हेंबर १७८९मध्ये आणि ऱ्होड आयलंडने मे १७९०मध्ये, ३४ विरुद्ध ३२ अशा निसटत्या मतांनी, संघात प्रवेश केला होता. दुसरी घटना परिषद बोलावण्याची मागणीही विरून गेली.

आपल्या घटनेला राज्यांच्या परिषदांची मंजुरी घ्यावी लागली नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीनेच ती स्वीकारली, आणि ही समिती प्रौढ मताधिकारावर निवडलेली नाही हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. मात्र अमेरिका वादानंतर जिथे १७९१ साली पोचली, तिथून आपली समिती सुरू झाली : मूलभूत हक्क मसुद्यातच होते. ‘पण’ म्हणण्याचे कामही समितीच्या आतच झाले. ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

२५ नोव्हेंबरच्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फिलाडेल्फियाच्या परिषदेने चार महिन्यांत काम संपवल्याचा उल्लेख करून दोन्हीकडच्या कामाच्या व्याप्तीतला फरक दाखवला होता. त्याच भाषणात त्यांनी पक्षशिस्त न जुमानणाऱ्या ‘बंडखोरां’चे नावे घेऊन आभार मानले. हरि विष्णु कामत, विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू ही त्यांतली काही. सगळेच होयबा असते तर कामकाज नीरस झाले असते; त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार आहेत. मसुदा समितीच्या अध्यक्षाने, जिंकल्याच्या दिवशी, हरलेल्या सूचनांची नोंद अशी ठेवली.

अमेरिकेत १७८९ साली पाठवलेल्या बारा दुरुस्त्यांपैकी दोन तेव्हा मागे पडल्या होत्या. त्यांतली एक, काँग्रेस सदस्यांना स्वतःची पगारवाढ पुढची निवडणूक होईपर्यंत घेता येऊ नये अशी. राज्ये एकेक करून तिला मान्यता देत राहिली आणि १९९२ साली, २०३ वर्षांनी, ती २७वी दुरुस्ती म्हणून घटनेत दाखल झाली. दुसरी होती प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येबरोबर वाढवण्याची, मेलँक्टन स्मिथच्या काळजीला उत्तर देणारी. ती अजून राज्यांपुढे तशीच पडून आहे.